भिंत किती पुसाल, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

पोळ्याच्या आदल्या दिवशी मायनं लोखंडी कपाट जरा पुढं ओढायला सांगितलं, मागं काहीतरी पडलं होतं. कपाट सरकवलं तर मागची भिंत खालून कमरेपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, हात लावला की मऊ लागायली, आणि असा कुबट वास आला की मी दोन पावलं मागं सरकलो. त्या कपाटाला लागूनच मायची बाज. चार वर्षं झाली ती तिथंच झोपते आणि चार वर्षं झाली, आषाढ लागला की तिला खोकला धरतो तो दिवाळी झाली तरी सुटत नाही. रात्री छातीतून घरघर आवाज, पहाटे उठून बसावं लागतं. आम्ही सगळे म्हणायचो हवा बदलली की तिला होतं तसं. हवा बदलत होती हे खरंय, पण बाहेरची नाही, खोलीतली.

ह्या भिंतीला आम्ही तीनदा रंग दिला होता. एकदा साधा डिस्टेंपर, एकदा ऑइलपेंट, तिसऱ्यांदा दुकानदार म्हणला ओल येऊच देत नाही असला महागाचा. तिन्ही वेळा एक पावसाळा बरा गेला आणि पुढच्या वर्षी पोपडे सुटले. मग मी ह्या विषयात जमेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना विचारलं, गवंड्यांना विचारलं, आणि जे कळलं ते आपल्या भागातल्या लोकांसाठी लिहायलोय, कारण लातूर असो की जालना की हिंगोली, ज्याच्या घरी जावं त्याच्या कपाटामागं हेच आहे आणि कोणी त्याच्याकडं आजार म्हणून बघत नाही.

तर आधी बुरशी म्हणजे काय ते बघू. पावसाळ्यात भाकर डब्यात दोन दिवस राहिली की तिला बुरा येतो, लोणच्याला येतो, चपलीच्या चामड्याला येतो, भिंतीवरचे काळे-हिरवे ठिपके त्याच कुळातले. झाड नाही, जनावर नाही, तिसरंच काहीतरी. बी पेरल्यासारखे तिचे बारीक कण हवेत सोडले जातात, त्यांना बीजाणू म्हणतात, आणि हे बीजाणू सगळीकडं असतात, तुमच्या घरात, माझ्या घरात, दवाखान्यात, शेतात, आत्ता हे वाचताना तुम्ही घेताय त्या श्वासातपण. त्यामुळं घरात बुरशीचा कणच नको असं म्हणून चालत नाही, ते शक्यच नाही. कण नुसता बसून राहतो, काही करत नाही. त्याला उगवायला खायला लागतं आणि ओल लागते. खायला तर घरात ढीगभर आहे, रंगातला डिंक, प्लायवूड, पुठ्ठा, कागद, गादीतला कापूस, नुसती धूळ बसलेली असली तरी भागतं. गरमी आपल्याकडं कायमच आहे. राहिली ओल. ह्या सगळ्यात आपल्या हातात फक्त ओल आहे, म्हणून बुरशीचा सगळा प्रश्न शेवटी पाण्याचा प्रश्न आहे. एखादी वस्तू भिजली आणि 24 ते 48 तासांच्या आत कोरडी झाली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, त्याच्या पुढं गेलं की ती बस्तान मांडते.

आता कोणीही विचारील की मराठवाड्यात कुठली आलीय ओल. इथं पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, नळाला आठ-आठ दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. कोकणातल्या माणसानं ओलीबद्दल बोलावं, आपण कशाला. मलाही असंच वाटायचं. पण नीट बघितलं तर पाण्याची टंचाई हेच घरात ओल येण्याचं एक मोठं कारण आहे, आणि हे मला कुठल्याच लेखात लिहिलेलं सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाणी रोज येत नाही म्हणून आपण ते साठवतो. गच्चीवर एक टाकी, मग दुसरी टाकी, खाली हौद, न्हाणीत ड्रम, स्वयंपाकघरात रांजण, पिंप, कळशा. नळाला पाणी येतं रात्री एक-दोनला, मग झोपेतच मोटर चालू केली जाते, आणि वरच्या टाकीला बॉल-कॉक नसतो नाहीतर असून अडकलेला असतो, पाणी भरून वाहतं ते गच्चीवर. गच्चीचा उतार बरोबर नसला की ते कठड्याच्या कोपऱ्यात जाऊन तुंबतं, आणि स्लॅब आणि कठडा जिथं जोडलाय तिथल्या बारीक भेगेतून भिंतीत उतरतं. पाऊस वर्षातनं चाळीस-पन्नास दिवस पडतो, टाकी मात्र दर आठवड्याला वाहते, उन्हाळ्यातसुद्धा. म्हणजे मे महिन्यात ज्या घरात प्यायचं पाणी मोजून वापरतात त्याच घराच्या छताचा कोपरा ओला असतो.

दुसरं कारण आपली जमीन. काळी माती पाणी धरून ठेवते, पाऊस उघडला तरी पाया आठवडेच्या आठवडे ओलाच. विटा आणि प्लास्टर हे दिव्याच्या वातीसारखे असतात, वात जशी तेल वर ओढते तसं ते जमिनीतलं पाणी वर ओढतात. म्हणून बांधताना जोत्यावर डीपीसी म्हणजे ओल अडवणारा थर घालायचा असतो. पैसे वाचवायला तो वगळला किंवा नंतर अंगणात भर घालून, फरशी टाकून अंगणच जोत्याच्या वर आणलं की ओल चढायला वाट मिळते. ही ओल ओळखायची खूण म्हणजे ती खालून सुरू होते, साधारण तीन-चार फुटांच्या वर जात नाही, आणि भिंतीवर पांढरं पिठासारखं खारट काहीतरी फुटतं. त्याला आपण लोणा म्हणतो. लोणा म्हणजे बुरशी नव्हे हे लक्षात ठेवा, लोक दोन्हीत गोंधळ करतात. लोणा हा मातीतला आणि विटांतला क्षार, पाणी उडून गेलं की मागं राहतो. पण लोणा दिसला म्हणजे तिथं पाणी आहे आणि जिथं पाणी आहे तिथं आज ना उद्या बुरशी येणार.

तिसरं, जुनी घरं. ज्यांच्याकडं अजून माळवदाची, दगड-मातीची घरं आहेत त्यांनी आतून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलंय, घर पक्कं दिसावं म्हणून. मातीची भिंत श्वास घेते असं म्हातारी माणसं म्हणायची, त्यात तथ्य आहे, माती ओल घेते आणि ऊन पडलं की सोडून देते. वरून सिमेंटचा लेप बसला की ओल आतच कोंडते, काही वर्षांनी प्लास्टर फुगून ढलपे पडतात आणि आतली माती भिजून कमजोर होते ती वेगळीच. कोणी म्हणेल की मग जुनी घरंच चांगली होती. नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली, तसल्या घरात परत जा असं कोणी म्हणू नये. जुन्या भिंतीला लेप द्यायचाच तर चुन्याचा द्यावा एवढंच माझं म्हणणं, आणि नवीन घर बांधताना गच्चीचा उतार, डीपीसी आणि खिडक्या ह्या तीन गोष्टींत काटकसर करू नये, त्यापेक्षा गेटवरची डिझाइन कमी करा.

आणि कूलर. एप्रिलमध्ये कूलर लावला की पहिल्या दिवशी जो वास येतो तो आपल्याला इतका ओळखीचा झालाय की काहींना तर आवडतोसुद्धा, पण तो मागच्या वर्षीच्या ओल्या ताट्यांत वाढलेल्या बुरशीचा आणि जंतूंचा वास आहे आणि पंखा ते सगळं थेट तोंडावर फेकतो. सीझन संपला की आपण कूलर तसाच पाण्यासकट ताडपत्री घालून ठेवून देतो, तिथंच चूक होते. पाणी काढून, टाकी घासून, उन्हात पूर्ण वाळवून मग झाका, गवताच्या ताट्या दरवर्षी बदला, त्या काही फार महाग नसतात. दुसरं म्हणजे कूलर कोरड्या हवेसाठीच आहे. मे महिन्यात दुपारी हवा एवढी कोरडी असते की तो गारवा देतो, पण जून-जुलैत हवेतच पाणी भरलेलं असताना कूलर चालवला तर गारवा येत नाही, नुसती खोली चिकट होते, अंथरूण दमट होतं. आणि खिडकी लावून कूलर कधीच चालवू नये, आत घातलेली ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे.

हवेतली ओल कशी काम करते ते एकदा समजलं की बाकीचं सोपं आहे. फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला घाम सुटतो, तो बाटलीतनं येत नाही, खोलीतल्या हवेतनं येतो. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार झाली की मावत नाही मग ती पाणी होऊन गार जागी बसते. 30 अंशाच्या हवेत एका घनमीटरला जवळपास 30 ग्रॅम पाणी मावतं, 20 अंशाला 17 ग्रॅमच. आर्द्रता 60 टक्के म्हणजे जेवढं मावतं त्याच्या शंभरात साठ भाग भरलंय. घरात ती 60 च्या खाली असावी, 30 ते 50 असली तर उत्तमच. श्रावण-भादव्यात आपल्याकडं बाहेरच 80 च्या पुढं असते. आणि त्यात आपण घरातल्या घरात भर घालतो, दोरीवर ओले कपडे, न्हाणीची वाफ, माणसांचा श्वास आणि घाम, आणि एक गोष्ट जी मला माहीतच नव्हती, गॅस. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणी तयार होतं, शाळेतल्या रसायनशास्त्राचं साधं समीकरण आहे, एक किलो गॅस जळाला की दीड किलोपेक्षा थोडं जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे 14.2 किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण 22 लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत सोडलं जातं, दोन मोठ्या बादल्याच म्हणा, भाजी-वरणाची वाफ वेगळी. एक्झॉस्ट नसला आणि खिडकी लावलेली असली तर हे पाणी जाणार कुठं, घरातली सगळ्यात गार भिंत शोधून तिथं बसणार. कपाटामागं वारा नाही, ऊन नाही, ती भिंत गारच.

आता शरीरात काय होतं ते. बुरशीचे बीजाणू फार बारीक असतात, अ‍ॅस्परजिलस नावाची जी बुरशी घराघरांत सापडते तिच्या काही जातींचा बीजाणू दोन ते साडेतीन मायक्रॉनचा, माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड. एवढा बारीक कण नाकातल्या केसांत अडकत नाही, सरळ छातीत खोल जातो. बहुतेक माणसांचं शरीर त्याला निपटून काढतं आणि काही होत नाही, म्हणूनच एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांत एकाला त्रास आणि दुसरा ठणठणीत असतो, आणि ठणठणीत असणारा म्हणतो तुझ्या मनाचे खेळ आहेत. तसं नाहीये. काहींच्या शरीराला ह्या कणांची अ‍ॅलर्जी असते, त्यांना सकाळी उठल्याबरोबर वीस शिंका, नाक गळणं, डोळे चोळणं, घसा खवखवणं. ज्यांना दमा आहे त्यांची श्वासनळी आकसते, धाप लागते, घरघर होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी ह्या विषयावर वेगळी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की ओल असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वासाचे त्रास आणि दमा वाढण्याचा धोका जास्त असतो. लहान लेकरं, म्हातारी माणसं, दम्याचे पेशंट, किडनी बदललेले किंवा कॅन्सरची औषधं चालू असलेले, ह्यांच्या खोलीत तर काळा डाग सहनच करू नये.

दोन आजार आपल्या भागात मुद्दाम माहीत असावेत. एक, दम्याच्या काही पेशंटच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलसची तीव्र अ‍ॅलर्जी होते, दमा औषधांनी आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी रंगाच्या चिकट गाठी पडतात, एक्स-रेत डाग दिसतो आणि खूपदा टीबी समजून औषधं चालू होतात. टीबीची औषधं चालू असून फरक नाही, थुंकीत जंतू सापडलेले नाहीत आणि आधीपासून दमा आहे, असं असलं तर डॉक्टरांना ह्या अ‍ॅलर्जीबद्दल विचारा, रक्ताच्या तपासणीत ती कळते. टीबीची औषधं स्वतःच्या मनानं बंद मात्र अजिबात करू नका. दुसरा, शेतकऱ्यांचा. ओला राहून कुजलेला कडबा, बुरा आलेलं भुस्कट किंवा धान्य उपसलं आणि चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छाती भरल्यासारखी, दुसऱ्या दिवशी बरं. पुन्हा काम केलं की पुन्हा तेच. लोक ह्याला मलेरिया म्हणतात, अंगदुखी म्हणतात. पण वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर फुप्फुसात व्रण पडून ते कडक होतं आणि मग परत मऊ होत नाही. तोंडाला गमजा बांधणं काही नसण्यापेक्षा बरं, पण खरा उपयोग एन-95 मास्कचा, कोविडच्या वेळचे उरलेले असतील तर मळणीला वापरा.

आणि जे सिद्ध झालेलं नाही तेही सांगायला पाहिजे, कारण मोबाइलवर भलतंच फिरतं. भिंतीच्या काळ्या बुरशीनं मेंदू खराब होतो, कॅन्सर होतो, असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात 1993-94 मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि घरातल्या एका काळ्या बुरशीवर संशय आला, जगभर भीती पसरली, पण 2000 मध्ये तिथल्याच सरकारी आरोग्य संस्थेनं पुन्हा तपासून सांगितलं की तो संबंध सिद्ध होत नाही. आपल्याकडं 2021 ला कोविडमध्ये जी ‘काळी बुरशी’ आली, म्युकरमायकोसिस, तिनं तर कित्येकांचे डोळे, जबडे, जीव गेले, त्यामुळं भिंतीवर काळं दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. तो आजार वेगळा. त्यात बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, तिथलं मांस मरून काळं पडतं म्हणून ते नाव पडलं. बेसुमार वाढलेली शुगर आणि स्टेरॉइडचा मारा ही त्याची मुख्य कारणं होती, भिंतीवरचे ठिपके नव्हेत, आणि तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळं घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका, खोकला आणि दमा हेच पुरेसं मोठं कारण आहे.

घरातली हवा म्हटल्यावर फक्त बुरशी बोलून भागत नाही. खेड्यात गॅस आला, 2016 पासून उज्ज्वलाचे सिलिंडर घरोघर पोचले, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, कारण भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी-तुराट्या फुकट. धुरातले बारीक कण, अडीच मायक्रॉनच्या आतले, ह्यांची भारतातली दिवसाची मर्यादा एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15, आणि बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की आकडा कित्येक शेकड्यांत जातो. 2020 मध्ये जगात घरातल्या धुरामुळं अंदाजे 32 लाख माणसं गेली असं त्याच संघटनेचं म्हणणं आहे, त्यात सव्वादोन लाखांवर पाच वर्षांच्या आतली लेकरं. चूल ठेवायचीच असली तर ओसरीत नाहीतर परसात घ्या, आणि तान्हं बाळ कडेवर घेऊन चुलीपाशी बसू नका. मच्छरच्या कॉइलचंही तसंच, 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे हे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी स्वस्त पडते हो, खरंच.

सोयाबीनबद्दल तर बोलायलाच पाहिजे. काढणीच्या वेळी पाऊस येतो, भाव पडलेला असतो, खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. मग कट्टे घरातच येतात, हॉलमध्ये भिंतीला लावून छतापर्यंत थप्पी, आणि त्याच खोलीत लेकरं झोपतात. ओला माल हवेत पाणी सोडतो, आतून गरम होतो, बुरा धरतो. दुसरी सोयच नसेल तर निदान खाली लाकडी फळ्या टाका, थप्पी भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि झोपायची खोली सोडून दुसरीकडं ठेवा. आणि हात जोडून सांगतो, राहत्या घरात धान्यात किडीच्या गोळ्या टाकू नका. त्या गोळ्या हवेतल्या ओलीनं फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतात, घरगुती वापरासाठी त्या नाहीतच, त्या वायूवर उतारा नाही, आणि बंद घरात झोपलेली अख्खी कुटुंबं त्यानं गेलेली आहेत. तसंच बंद न्हाणीत गॅस गिझर आणि हिवाळ्यात दार लावून शेगडी, त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाला येत नाही, माणूस पाय गळून बसतो आणि उठत नाही.

आता आमच्या भिंतीकडं परत येतो. काळे ठिपके खालून कमरेपर्यंत होते म्हणून मला वाटलं जमिनीची ओल. पण लोणा फुटलेला नव्हता आणि बाकीच्या तिन्ही भिंती खडखडीत कोरड्या. एका गवंडीमामांनी एक साधी युक्ती सांगितली, प्लास्टिकच्या पिशवीचा वीतभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय. आमचे आतून आले. भिंतीपलीकडं न्हाणी. मग त्यांनीच विचारलं, ‘‘टाकी रातीतनं उतरायली का बगितलं का कधी?’’ नव्हतं बघितलं. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत खडूनं रेघ मारली, सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. कोणी एक तांब्यासुद्धा घेतला नव्हता. भिंत फोडली तर आतल्या पाइपचा जोड गळत होता, अगदी थेंब थेंब, आणि किती वर्षांपासून ते देव जाणे. आठ दिवसांनी येणारं पाणी आम्ही भिंतीला पाजत होतो, आणि माय त्या भिंतीला पाठ लावून झोपत होती. जोड बदलायला एक हजाराच्या आत खर्च आला. तीन वेळच्या रंगाचा हिशोब मी नंतर केलाच नाही.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी पाणी बंद, मग वाळवणं, मग साफसफाई, आणि रंग सगळ्यात शेवटी. गळती बंद झाल्यावरही भिंत वाळायला महिना-दोन महिने लागतात, तिच्यावर घाईनं ऑइलपेंट मारला तर ओल आत कोंडली जाते. आजकाल ओल्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल ठोकून द्यायची पद्धत निघालीय, दिसायला एकदम हॉटेलसारखं होतं, पण मागं अंधारात काय वाढतंय ते दिसणं बंद होतं, वाढणं नाही. मी तर म्हणेन ओल्या भिंतीवर पॅनल बसवण्यापेक्षा ती उघडी-बोडकी ठेवलेली बरी.

साफ करायला काही जादूचं औषध लागत नाही. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आतला असेल तर घरीच करता येतो, त्याहून मोठा असेल, किंवा घरात दम्याचा पेशंट असेल, तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या आणि पेशंटला तेवढा दिवस पाहुण्याकडं पाठवा. मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. कोरडा ब्रश किंवा झाडू मारू नका, त्यानं बीजाणू खोलीभर उडतात, आधी ओल्या फडक्यानं भिजवून घ्या, मग धुण्याच्या पावडरचं पाणी करून घासा, पुसा आणि पंखा लावून वाळवा. ब्लीचचं पाणी फरशी, टाइल असल्या गुळगुळीत जागी चालतं, प्लास्टरच्या आत ते फारसं जात नाही, वरचा रंग फक्त जातो. आणि ब्लीच कधीही टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, न्हाणीतच माणूस गुदमरतो. भिजून बुरा आलेली कापसाची गादी, फुगलेलं प्लायवूड, पुठ्ठ्याचे खोके टाकून द्यावे लागतात, जीव होत नाही पण द्यावे लागतात. वाकळी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाकल्या की चालतात. बुरशीचा नमुना लॅबला पाठवायची गरज नसते, घरातल्या हवेत किती बुरशी चालेल ह्याचा कुठं ठरलेला आकडाच नाही, आणि कुठलीही निघाली तरी उपाय तोच.

ज्यांच्या घरात सप्टेंबर 2025 च्या पुराचं पाणी शिरलं होतं त्यांना वेगळं सांगतो. पाणी ओसरलं म्हणजे भिंत कोरडी झाली असं नसतं, गाळ काढून, भिंती धुऊन, कपाटं-पेट्या भिंतीपासून लांब सरकवून उन्हाळाभर दारंखिडक्या उघड्या ठेवणं हेच औषध. सरकारी मदतीचे पैसे हातात आले की पहिल्यांदा रंग द्यायचा मोह होतो, सणाला घर नीट दिसावं असं वाटणं साहजिक आहे, पण वीटभर खोल ओल असलेल्या भिंतीवर ते पैसे मातीत जातात.

डॉक्टरांकडं जाताना हे सगळं सांगा. खोकला कधी सुरू होतो, गावाला गेल्यावर कमी होतो का, कुठल्या खोलीत वाढतो, भिंतीला डाग आहे का. डॉक्टर घर बघायला येत नाहीत, आपणच सांगायचं. फुंकून करायची तपासणी असते, स्पायरोमेट्री, तिच्यात श्वासनळी आकसलीय का ते कळतं. आणि डॉक्टरांनी पंप, म्हणजे तोंडानं ओढायचा इनहेलर, दिला तर घ्या. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा इलाज, असं आपल्याकडं पक्कं बसलंय आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं गोळ्या खात धापा टाकतात. पंपातलं औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी असतं आणि जिथं पाहिजे तिथंच जातं. मायलाही हे समजवायला आम्हाला दोन महिने गेले, शेवटी शेजारच्या काकूंनी स्वतःचा पंप आणून दाखवला तेव्हा ती ऐकली.

पावसाळ्यात खिडक्या उघडायच्या की नाही हा प्रश्न सगळे विचारतात. रिपरिप चालू असताना दिवसभर उघड्या ठेवून फार उपयोग नाही, बाहेरचीच हवा ओली आहे, पण स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी वाफ बाहेर गेलीच पाहिजे, आणि उघडीप मिळाली, ऊन पडलं की दुपारी दोन-तीन तास सगळं घर उघडं करा, गाद्या उचला, कपाटाची दारं उघडा. भिंत आणि कपाटात चार बोटांची जागा ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतं, मी घेतलं, मायच्या खोलीत लावलंय.

भिंतीला आम्ही अजून रंग दिलेला नाही. नुसतं प्लास्टर खरवडून ठेवलंय, पाहुणे आले की विचारतात. बाज दुसऱ्या भिंतीला लावली, पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे. ह्या श्रावणात खोकला आला, नाही असं नाही, पण रात्री उठून बसावं लागलं ते दोनदाच. माय रोज झोपायच्या आधी मीटरचा आकडा मोठ्यानं वाचते आणि साठच्या वर गेला की मला हाक मारते, ‘‘बाळू, पंखा लाव रे, वर चढायलाय.’’